जग न बुडाल्याचं जेवण

जग बुडाल्यावर पेरायचं म्हणून एका माणसाने जिवापाड जपलेलं बियाणं मी घेतलं, जग बुडालं नाही या आनंदात कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून त्याची झणझणीत उसळ केली आणि ज्याचं बियाणं त्यालाच दोनदा आग्रह करून वाढली. आयुष्यात मी मूर्खपणा काही कमी केलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी गूळपोळ्यांना चुकून सासऱ्यांचं डोक्याला लावायचं तेल घातलं होतं. (ते बिचारे दोन पोळ्या खाऊन एवढंच म्हणाले, "सूनबाई, आता पोटात केस उगवतील.") पण माझ्या सगळ्या मूर्खपणांची पंगत बसवली, तर पहिला पाट या उसळीचा. आणि उसळ सांगायची तर आधी माझे व्याही सांगायला हवेत. कारण जगाच्या शेवटाची इतक्या टापटिपीने आणि इतक्या आनंदाने तयारी केलेला दुसरा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नसेल. लोक मुलीच्या लग्नाची करतात तशी तयारी ते प्रलयाची करत. मुलीच्या लग्नाची तयारी मात्र त्यांनी प्रलयाची केल्यासारखी केली होती.

ते लग्न माझ्याच मुलाचं, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगू शकते. तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, केसांना काळा रंग लावणारी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी बाई होते. वरमाई म्हणून मांडवात अशी बसले होते, की नव्या साडीची घडी मोडू नये म्हणून गुडघेसुद्धा विचारून वाकवत होते. विहिणीच्या मानाचं ताट आलं. साडी होती, खण होता, नारळ होता आणि त्या सगळ्याच्या मधोमध लाल फीत बांधलेला एक कंदील होता. सोबत जादा काच आणि वातीची गुंडाळी. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी ओठांवर हसू चिकटवून म्हटलं, "व्याहीबुवा, आमच्याकडे वीज आहे हो." त्यावर ते हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाले, "आज हाय, इहीणबाई." 'आज'वर असा काही जोर दिला की मांडवातले बल्बसुद्धा क्षणभर चपापले असावेत. मी रुसले. विहिणींच्या पंगतीत श्रीखंडाला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि दोन वाट्या खाल्ल्यावर मला ते आठवलं.

आता या माणसाचा विजेवर एवढा अविश्वास का, तर ते जन्मभर वीज खात्यातच होते. चांदवडकडचे मूळचे. रोजंदारीवर खांब रोवण्यापासून सुरुवात करून फोरमन होऊन निवृत्त झाले आणि नाशिकच्या सिडकोत घर बांधून राहिले. हलवायाला मिठाई नकोशी होते तसं झालं असेल म्हणावं, तर तसंही नाही. "तारा मी स्वतः जोडल्यात, इहीणबाई," ते मला समजावत. "हे समदं कशाकशाला लटकलंय ते तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही आजच परसात चूल घालाल." मग ते सांगतच. कुठे एक कावळा बसला म्हणून अर्धा तालुका कसा अंधारात गेला, कुठे एका सरड्याने एक कारखाना कसा बंद पाडला. ऐकणाऱ्याला वाटावं, हा देश सरकार चालवत नसून सरडे आणि कावळे यांच्या मर्जीवर चाललेला आहे.

त्यांच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. तिला ते 'पुढची सोय' म्हणत. तिच्यात काय नव्हतं? भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून उचलून आणलेली दगडी जाती होती, भुशाच्या शेगड्या होत्या, रांजणभर मीठ होतं, गुळाच्या ढेपी होत्या, दोर, सुया, साबण, विळे आणि काचेच्या बरण्यांत भरलेल्या काडेपेट्या होत्या. छताला कांद्याच्या माळा टांगलेल्या असत, त्यामुळे त्यांच्या घरी गेलेला माणूस येताना डोळे पुसत यायचा आणि गल्लीत गैरसमज व्हायचा. पाहुण्याला चहा मिळे, पण आधी जात्यावर बसून दोन मुठी बाजरी दळल्यावर. "सवय पायजे," ते म्हणत. "त्या दिवशी हात शिकायला गेले तर पोट थांबणार नाय." आमचे हे एकदा सफारी सूट घालून गेले होते. तासाभराने परत आले तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरे. मला म्हणाले, "पीठ जरा जाडंच निघालं. पुढच्या वेळी बारीक काढीन." म्हणजे चिडायचं सोडून हा गृहस्थ सुधारणेच्या मार्गाला लागला होता! व्याह्यांची हीच गंमत होती. त्यांच्या वेडात माणूस हसत हसत शिरायचा आणि आत गेल्यावर त्याला कळायचं, की आपण भाकरी थापायला बसलो आहोत.

दर अमावस्येला ते घरातलं मेन स्विच बंद करत. दिवसभर वीज नाही, गॅस नाही, नळ नाही. ज्या माणसाने गावोगाव उजेड पोचवला, तो स्वतःच्या घरात मुद्दाम अंधार करून बसे आणि अंधारात कोण कसं चाचपडतं याच्यावर गुण देई. आता अमावस्या म्हटली की लक्ष्मीपूजन आलंच. आमचा मुलगा पहिल्या दिवाळसणाला सासरी गेला, तर गल्लीभर रोषणाई आणि याच्या सासुरवाडीला फक्त पणत्या. त्याला अभ्यंगासाठी पाणी काढायला सांगितलं, ते विहिरीवरून. अंगठीची वाट बघत होता, तर सासऱ्यांनी हळदकुंकू लावून एक कुदळ, एक फावडं आणि एक घमेलं त्याच्या हातात ठेवलं. पोरगा स्कूटरवर दोन पायांत कुदळ धरून घरी आला. मी त्याच्या आधीच दारात कमरेवर हात ठेवून उभी. "हे काय आणलंस?" तर म्हणतो कसा, "आई, फावडं चांगलं आहे हं. पोलादी आहे." त्याच दिवशी मी ओळखलं, की मुलगा माझ्या हातून गेला.

पैसा बंद पडणार याविषयीही त्यांना शंका नव्हती. ज्या गावात नोटा छापतात त्या गावात राहून हा माणूस दारावर आलेल्या मखमलाबादच्या भाजीवालीला साबणाची वडी देऊन मेथी मागत असे. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बाबा, साबण ठेवा तुमच्यापाशी. तुम्हीच आंघोळ करा." व्याही तिला माणुसकीच्या भाषेत समजावत, की नोटेचा उद्या नुसता कागद होईल, साबणाचा मात्र साबणच राहील. बाई हट्टी, हे तिच्याहून हट्टी. शेवटी असं ठरलं, म्हणजे बायकांनी आपापसात ठरवलं, की पुढच्या दाराने तिने साबण घ्यायचा आणि मागच्या दाराने माझ्या विहीणबाईंकडे तो परत करून पैसे न्यायचे. एकच वडी अशी वर्षभर फिरत होती. व्याही मात्र येईल त्याला सांगत, "बघा, लोकांना हळूहळू कळाया लागलंय."

त्यांनी आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या सुनेला, या सगळ्यात तयार केलं होतं. आमच्याकडे वीज गेली की मी जागच्या जागी उभी राहून "अगं बाई, अगं बाई" करायची आणि ती पोळ्या लाटत राहायची. नुसती लाटत नाही, अंधारात भाजायचीसुद्धा, आणि एक पोळी करपायची नाही. ओल्या लाकडाची चूल पेटवायची. पावसाचं पाणी गाळून धरायची. खरं तर अशी सून मिळाल्याबद्दल मी साखर वाटायला हवी होती. पण त्या काळात मी तिचा उल्लेख 'व्याह्यांची मुलगी' असाच करत असे. 'आमची सून' हा शब्द माझ्या तोंडात जरा उशिरा उगवला. तो का, ते माझं मलाही सांगता येणार नाही. कंदिलाचा राग असेल.

मग नव्व्याण्णव साल आलं आणि व्याह्यांचे दिवस पालटले. वर्तमानपत्रांत यायला लागलं, की दोन हजार साल लागताच संगणकांना दोन शून्यांचा उलगडा होणार नाही, वीज जाईल, बँका थांबतील, विमानं पडतील. संगणक म्हणजे काय हे व्याह्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा सगळं जग त्यांच्या म्हणण्यावर आलं होतं. ते तेजस्वी दिसायला लागले. नवीन सदरे शिवले. ज्या गल्लीने त्यांना हसून घेतलं होतं, ती गल्ली संध्याकाळी हळूच येऊन विचारे, "बाबा, रॉकेल किती ठेवावं?" व्याही डोळे मिटून, नाडी बघितल्यासारखं करून विचारत, "घरात माणसं किती?"

त्याच मार्गशीर्षात एके दुपारी ते रिक्षाने आमच्याकडे आले. मांडीवर एक मडकं, दोन्ही हातांनी धरलेलं, जसं काही तान्ह्या बाळाला दवाखान्यातून आणतायत. मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपलेलं. "समदं एका घरात ठेवू नये, इहीणबाई," ते म्हणाले. "आमच्याकडच्या मडक्याला औंदा भुंगा लागला. आता हे एवढंच राहिलंय. हे तुमच्याकडं असू द्या."

"आहे काय यात?"

"पावटा. लाल ठिपक्यांचा. समदं थांबलं का पयला हा पेरायचा. पाणी मागत नाय, खत मागत नाय. बांधावर टाकला तरी येतो."

"मग तुमच्या मुलीकडे द्या की. ती आत आहे, हाक मारू?"

"नको. ती लाडानं घेईल," ते म्हणाले, "तुम्ही जबाबदारीनं घ्याल."

एवढा मोठा मान मला कुणी दिला नव्हता. मी पदर सावरून मडकं घेतलं आणि ओट्याखाली, पाण्याच्या पिंपामागे ठेवलं. 'हे एवढंच राहिलंय' हे वाक्य माझ्या कानावर पडलं होतं, पण आत गेलं नाही. त्या वेळी मी मनात चहाला दूध पुरेल का याचा विचार करत होते. मोठमोठी संकटं अशीच येतात. आपण दुधाचा विचार करत असतो.

एकतीस डिसेंबरला व्याह्यांनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं होतं. मुलगा आणि सून आदल्या दिवशीच गेले. मी म्हटलं, मला थंडी बाधते, आणि लवकर जेवून झोपले. सकाळी उठले तर दिवा लागला, नळाला पाणी आलं आणि दूधवाला नेहमीइतकंच पाणी घालून दूध घेऊन आला. जग आपल्या जागेवर होतं. मला इतका आनंद झाला, इतका, की त्यात थोडा दुष्टपणाही होता हे आता मान्य करायला हरकत नाही. कंदिलाची परतफेड करायची संधी आली होती. मी सिडकोत फोन केला, "उद्या रविवारी सगळे जेवायला या. जग न बुडाल्याचं जेवण आहे!" आणि फोन ठेवता ठेवताच माझ्या डोक्यात ते मडकं आलं. माझ्या बुद्धीचा तेव्हाचा हिशेब असा: हे बियाणं पेरायचं कधी? जग बुडाल्यावर. जग बुडालं का? नाही. मग आता याचं करायचं काय?

आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "विचारलंस का त्यांना?"

"गंमत आहे हो. तुम्हाला गंमत कळत नाही."

लगेच लिंपण फोडलं, कीड लागू नये म्हणून चोळलेली राख झटकली, पावटे धुऊन भिजत घातले, संध्याकाळी फडक्यात बांधले आणि नाशिकच्या थंडीत मोड यायला कुरकुर करतील म्हणून चक्क माझ्या शालीत गुंडाळून ठेवले. सकाळी बघते तर काय, एक दाणा मेला नव्हता! असे टपोरे, शुभ्र मोड, की मी यांना मुद्दाम दाखवायला आणले. त्यानंतर फोडणी दिली.

रविवारी व्याही आले ते जरा ओशाळेच होते. ज्याच्या घरी मोठा पाहुणा यायचा म्हणून मांडव घातला आणि पाहुणा आलाच नाही, अशा माणसासारखे. माझ्याकडे बघणं टाळत होते. मी पानं वाढली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून उसळीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "इहीणबाई," ते म्हणाले, "हा पावटा कुठं गावला तुम्हाला? असली चव तर..."

"आधी अजून थोडी घ्या, मग सांगते," म्हणून मी पळीभर वाढली. ती संपली. आणखी एक पळी वाढली आणि मग दोन्ही हात कमरेवर ठेवून, नाटकात टाळीचं वाक्य टाकावं तसं म्हटलं, "तुमचाच की हो, व्याहीबुवा! आता काही जग बुडत नाही!" आणि मीच हसले. हसता हसता लक्षात आलं, की एकटीच हसतेय. माझ्या सुनेचा भाकरी वाढणारा हात वरच्या वर राहिला होता.

"समदा?" व्याह्यांनी विचारलं.

"सगळा! राखसुद्धा वाया घालवली नाही, त्याच राखेने भांडी घासली."

त्यांनी पानाकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतात. पण ते उठले नाहीत. सावकाश, एकेक दाणा टिपून त्यांनी उसळ संपवली, भाकरीच्या तुकड्याने पान पुसून घेतलं आणि म्हणाले, "चव लय चांगली झालीय." मग हात धुवायला गेले आणि नळ सोडून नुसतेच उभे राहिले. ज्या माणसाने जन्मात नळाचा थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याच्या हातावरून पाणी वाहून जात होतं.

स्वयंपाकघरात विहीणबाई माझ्यामागे आल्या. त्या कधी कुणाला टाकून बोलत नसत. भांडी उचलता उचलता, साधं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "बाहत्तरच्या दुष्काळात ह्यांची नोकरी कायम नव्हती. गावालाच होतो आम्ही. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची तेवढीच पोटात. घरात ह्या पावट्याचं एक मडकं होतं, ते सासूबाई उशाशी घेऊन झोपायच्या. ही आपली तेव्हा एवढीशी. मांडीवर बसून रडायची, आज्जे शिजव, आज्जे शिजव. सासूबाई म्हणायच्या, आज खाल्लं तर उद्याच्याला काय? नाय दिलं शिजवू. ह्यांना पोरीकडं बघवत नसे, बाहेर जाऊन बसायचे. मग पाऊस झाला, तवा अख्ख्या आळीनं त्यातलाच पावटा पेरला. त्या दिवसापासून घरात ते मडकं असलं तरच ह्यांना झोप लागती."

"मग गावाकडून आणता येईल की पुन्हा," मी म्हटलं.

"गावाला आता समदा कांदा, इहीणबाई. बांधसुद्धा कोणी मोकळा ठेवत नाय."

जी पोर त्या पावट्यासाठी रडली होती, ती बाहेर ताटं उचलत होती. एखादी फणकाऱ्याने बोलली असती तर मला जेवण पचलं असतं.

त्यानंतर व्याह्यांनी सोडलं. सगळं सोडलं. लोक म्हणाले, दोन हजार साल फुकट गेलं म्हणून म्हातारा शरमला. मला ठाऊक होतं, की साल फुकट गेलं नव्हतं, माझी उसळ झाली होती. शेड रिकामी होत गेली. गूळ वाटला, शेगड्या भंगारात गेल्या. एक जातं एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी नेलं, तर गिऱ्हाइकं त्याच्यावर हेल्मेट ठेवायला लागली. अमावस्या येत आणि जात, सिडकोतलं मेन स्विच खाली येत नसे. भाजीवालीला रोख पैसे मिळू लागले आणि तिलाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. व्याही संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिका बघत. विहीणबाई मला म्हणाल्या, "अंधार बरा होता हो. निदान बोलायचे तरी."

मी काय केलं? पावटे शोधले. चांदवडचा बाजार पालथा घातला, निफाडकडे कुणाच्या लग्नाला गेले तर मांडव सोडून म्हाताऱ्या बायकांना गाठलं, "तुमच्याकडे लाल ठिपक्यांचा पावटा आहे का?" मी मुलाकडची की मुलीकडची हे ठरवायचं असल्यासारखं त्या आधी माझी साडी बघत आणि मग नाही म्हणत. मिळाला तसा रुमालात बांधून सिडकोत न्यायची. व्याही दाणा बोटांत फिरवत, दाताखाली धरत आणि माझ्या मनाला लागू नये म्हणून थोडं थांबून सांगत, "बरा हाय. पण हा नाय." असे तीन रुमाल झाल्यावर मी दाखवायचं बंद केलं. पण टाकवले नाहीत. सुनेला विचारून राख चोळली, मडक्यांत भरले, तोंडं लिंपली. माझं लिंपण म्हणजे शाळेतल्या पोराने काढलेला महाराष्ट्राचा नकाशा. मग मडक्यांशेजारी मीठ आलं. मिठाशेजारी काडेपेट्या आल्या. परसात एक चूल आली, कारण पावसाळ्यात गॅस उशिरा येतो (असं मी यांना सांगितलं). आमचे हे एक दिवस सगळं न्याहाळून म्हणाले, "व्याह्यांनी सोडलं आणि तू धरलंस." मी म्हटलं, "स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं." आणि हो, मधल्या काळात केव्हातरी मी 'आमची सून' म्हणायला लागले होते. मला नक्की दिवस आठवत नाही. तिला विचारलं तर ती हसते फक्त.

पुढे गंगेला तो मोठा पूर आला. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात आणि पूर किती, हे घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. त्या वर्षी मारुती दिसतच नव्हता. आमची घरं उंचावर, पाणी आलं नाही. पण वीज गेली ती येईना, पंप बंद म्हणून नळ कोरडे, दुकानांत मेणबत्ती मिळेना. सिडकोत तर काहीच नव्हतं. ज्या शेडमध्ये गल्ली जगली असती, तिच्यात आता जुनी सायकल होती. सून म्हणाली, "आई, त्यांना इकडे आणू?" मी म्हटलं, "विचारतेस काय?"

दुपारी दोघं आले. व्याही थकले होते, काठी आली होती. सुनेने परसातल्या चुलीवर पिठलं-भाकरी केली. जेवले, बसले आणि बसल्या बसल्या त्यांचं नाक हललं. "इहीणबाई," ते म्हणाले, "चुलीला कोरडं जळण कुठून आलं एवढ्या पावसात?"

ते उठले. काठी टेकत स्वयंपाकघरात गेले, मागे कोठीच्या खोलीत गेले. मी मागोमाग, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. त्यांनी फळ्यांवरून नजर फिरवली. एक बरणी उचलली आणि उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीला पुन्हा पाणी लागावं तसा तो जुना आवाज आला, "काडेपेट्या मिठाशेजारी? मीठ ओल धरतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाय? आन् तेल खालच्या फळीवर? उंदरांना पंगत बसवायचीय?" मी "चुकलं, चुकलं" म्हणत होते आणि दारात उभी राहून सून पदराने डोळे पुसत होती. कांद्यामुळे म्हणे.

मग त्यांची काठी कोपऱ्यातल्या मडक्यांना लागली. त्यांनी खाली वाकून लिंपणावर बोट फिरवलं. "ह्यात काय?"

"पावटा," मी म्हटलं. आणि इतकी वर्षं जे गमतीजमतीखाली दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "पण तो नाही, व्याहीबुवा. बाजारातला आहे, कुठला कुठला. तुमच्या आईने राखलेलं बियाणं माझ्या हाताने संपलं. ते मला कुठेच मिळालं नाही."

त्यांनी एक मडकं फोडलं. मूठभर दाणे घेऊन खिडकीपाशी गेले, फुंकर मारून राख उडवली आणि पावसाळी उजेडात बराच वेळ ते उलटेसुलटे करून पाहिले. व्याही आता नाहीत. दर जूनमध्ये मी आणि सून कुंपणाला पावटा लावतो, आणि दरवेळी त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं ऐकू येतं, म्हणून एक शब्द इकडचा तिकडे न करता लिहिते. मूठ माझ्या हातात रिकामी करून ते म्हणाले:

"मिळायचा नाय तो. हाच पेरा, इहीणबाई. चार सालं तुमच्या मातीत उगवला, का कुठून आला ते त्यालाबी आठवत नाय. माझी लेक नाय का झाली तुमची?"